एका शाफ्टवरची दोन मशिनं

मी, आशा फकिरा बोरगुडे, वय एकाहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, विद्युत अभियांत्रिकी, राहणार इंदिरानगर, नाशिक, मूळ गाव विंचूर, तालुका निफाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या टेबलावर बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाला शंका असेल तर त्याने समोर बसावे आणि मला इंडक्शन मोटरचे समतुल्य मंडल काढायला सांगावे; वर त्याचीही थोडी परीक्षा घेईन. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याची ज्यांना हौस होती ते माझे विभागप्रमुख केव्हाच निवृत्त झाले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि यात बदल करायचा झाल्यास तो मीच करीन.

मागच्या चैत्रात डॉक्टरांनी माझ्या छातीत पेसमेकर बसवला. इतकी वर्षं मी मोटरला पल्स दिले, आता एक डबी मला पल्स देते. डॉक्टर म्हणाले, बॅटरी दहा वर्षं सहज चालेल. कंपनीने छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये असं मी जन्मभर मुलांना शिकवलं, म्हणून हे आजच लिहून ठेवते.

मसुदा ॲडव्होकेट रोशनी टर्ले हिने करून दिला. ही आमच्या शेजारची, माझ्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली. तिच्या मसुद्यातली निम्मी वाक्यं मी खोडली आणि समासात माझी घातली, तेव्हा ती म्हणाली की मावशी, मृत्युपत्रात एवढं बोलत नाहीत. मी तिला सांगितलं, बाई गं, मी जन्मभर शोधनिबंध लिहिले. सहा पानांच्या वर गेलं की परत यायचे. इथे कोणी परीक्षक नाही, तेव्हा जिथे कायदा आहे तिथे भाषा तुझी राहू दे, बाकी माझी.

कलम १. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी सदर रोशनी टर्ले हिला नेमत आहे. माझ्या मृत्यूनंतर तिने हे पत्र माझ्या घरात मोठ्याने वाचावे. त्या वेळी माझा भाचा अमोल, माझा विद्यार्थी मयूर भिका मौळे आणि माझी विद्यार्थिनी डॉ. निकिता सुदाम आवारे हे तिघेही हजर असले पाहिजेत. मयूर आणि निकिता एकाच वेळी, एकाच खोलीत. फोनवरून वाचलेले चालणार नाही. दोघांपैकी एकच जण आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे आणि पुन्हा तारीख द्यावी. कोर्टात तुम्ही एवढ्या तारखा देता, इथे एक जास्त.

कलम २. इंदिरानगरमधील माझे रो-हाऊस मी माझ्या भावाचा, गेणूचा मुलगा अमोल याला देत आहे. तो लहानपणी सगळी सुट्टी माझ्याकडे काढायचा, मामाकडे जावं तसा. अमोल विंचूरच्या वाईन पार्कमध्ये बाटल्या भरण्याच्या विभागात आहे. घर पाडून तिथे मजले चढवायचे आहेत, हे त्याने मला कधी सांगितलं नाही, पण गेल्या दिवाळीत तो पावलांनी अंगण मोजत होता ते मी खिडकीतून पाहिलं. हरकत नाही. पाड बाबा. मात्र पार्किंगमध्ये जे यंत्र आहे त्याला कलम ७ पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. "आत्या, ते भंगार कधी हलवायचं?" हे तू आजवर पुष्कळदा विचारलंस. उत्तर खाली आहे.

कलम ३. बँकेतील ठेवी दोन सारख्या वाट्यांत कुसाबाई, जिने माझं घर माझ्याहून चांगलं सांभाळलं, आणि अमोलची मुलगी पूजा यांना द्याव्यात. आकडे पासबुकात आहेत. कुसाबाईला माझा स्वयंपाकघरातला छोटा रेडिओही द्यावा. तो बंद पडला की ती त्याला एक चापट मारते आणि तो सुरू होतो. हे कोणत्या नियमाने होतं ते मला अजून उलगडलेलं नाही.

कलम ४. विंचूरच्या विहिरीवरचा जुना स्टार्टर, हिरव्या आणि लाल बटणाचा, माझ्या कपाटावर फडक्यात बांधून ठेवला आहे. तो पूजाला द्यावा.

तिला हे सांगावं. तुझ्या पणजोबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, विहिरीवरची मोटर दर उन्हाळ्यात जळायची. कांद्याचं शेवटचं पाणी राहिलेलं असायचं आणि वार्निश जळाल्याचा वास मळ्यात पसरायचा. दादा मोटर बैलगाडीत घालून लासलगावला रिवाइंडिंगला न्यायचे. मी हट्टाने बरोबर जायची. तिथे ती काळी पडलेली तार उलगडून काढताना मी विचारायची, ही का जळाली? दादा म्हणायचे, "लाईट लय कमी व्हती." मला ते पटायचं नाही. वीज कमी आली तर मोटर हळू चालावी, जळावी कशाला? हा प्रश्न घेऊन मी आधी नाशिकला, मग मुंबईला गेले. विजेचा दाब कमी झाला की मोटर तेच काम करायला जास्त करंट ओढते आणि त्यात जळते, हे मला पुस्तकात सापडलं तेव्हा दादा हयात होते. मी सुट्टीत येऊन त्यांना आकृती काढून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे मी म्हणत व्हतो तेच. त्यांच्यावर चिडून मी पीएचडीला नाव घातलं, हे कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही.

कलम ५. माझा खाकी अ‍ॅप्रन निकिताला द्यावा. त्याला एकच खिसा आहे, डाव्या बाजूला.

चालू पॅनेलला हात लावायचा तर एक हात खिशात ठेवायचा, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. माझे पीएचडीचे मार्गदर्शक हे सगळ्या मुलांना सांगायचे आणि माझ्याकडे बघून थांबायचे, कारण मी साडीत असायची. मग मी शिंप्याकडून हा अ‍ॅप्रन शिवून घेतला. ब्याऐंशी साली इथल्या महाविद्यालयात मुलाखतीला गेले तेव्हा समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं की तुम्ही फक्त थिअरी शिकवणार की पॅनेललाही हात लावणार? मी म्हटलं, एकच हात लावणार. बाकीचे हसले, त्यांना काही कळलं नाही. नोकरी मिळाली. त्या गृहस्थांशी मी पुढे सोळा वर्षं एका स्टाफरूममध्ये बसले, आणि खरं सांगते, ते गेले तेव्हा मला वाईट वाटलं.

कलम ६. माजी विभागप्रमुख प्रा. रत्नपारखी यांना मी माझ्या बढतीच्या अर्जांच्या फायली देत आहे. पंधरा आहेत. कोणत्या शोधनिबंधाला किती गुण, कोणत्या परिषदेला किती गुण, व्याख्यान दिलं तर किती आणि नुसतं ऐकलं तर किती. या कागदांवर त्यांचं आमच्या संशोधनापेक्षा जास्त प्रेम होतं. माझं प्राध्यापकपद त्यांनी सहा वर्षं अडवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या सहा वर्षांत समित्यांवर जावं लागलं नाही आणि मी लॅबमध्ये सुखात होते. पण मी निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या ड्राइव्ह्ज लॅबला टाळं लावलं, तिथे वातानुकूलित खोली केली, भिंतीला पडदे लावले, आणि आमची मशिनं लिलावात काढली. हे मी माफ केलेलं नाही, आणि मरणानेही त्यात फरक पडणार नाही, अशी नोंद असावी.

कलम ७. आता यंत्राविषयी. रोशनी, इथे थोडं थांब. कुसाबाईला चहा टाकायला सांग. मयूर आणि निकिता खोलीच्या दोन टोकांना बसले असतील, त्यांना जवळ बसव.

पार्किंगमध्ये लोखंडी पायावर दोन मशिनं आहेत. त्यांचे शाफ्ट एकमेकांना कपलिंगने जोडलेले आहेत. एक मोटर म्हणून फिरते, दुसरी तिच्यावर ओझं टाकते आणि ओझं टाकताना स्वतः वीज तयार करते. ती वीज पुन्हा पहिलीला मिळते. बाहेरून घ्यावी लागते ती फक्त घर्षणात आणि उष्णतेत जाते तेवढीच. एकटी मोटर नुसती फिरवून काहीही कळत नाही. चाळीस-एक मुलांनी या यंत्रावर प्रबंध केले. ज्यांना ड्राइव्ह म्हणजे काय हे माहीत नाही त्यांनी अमोलच्या कारखान्यात बाटल्यांचा पट्टा पाहावा. तो हळू सुरू होतो, हवा त्या वेगाला जातो आणि बाटली न पाडता थांबतो. हे काम करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी म्हणजे ड्राइव्ह. अमोल, तू ज्याला भंगार म्हणतोस त्याच्या जोरावर तुझ्या बाटल्या उभ्या राहतात.

लिलावात हे यंत्र मी घेतलं. भंगारवाल्याला वाटलं मी तांब्यासाठी घेते आहे, त्याने मला भाव सांगायला सुरुवात केली. घरी थ्री-फेज जोडणी मागितली तेव्हा वीज कंपनीचा माणूस म्हणाला, मॅडम, पिठाची गिरणी टाकताय का? मी हो म्हटलं. समजावून सांगण्याचं वय गेलं होतं.

आमच्या लॅबची एक रीत होती. नवा ड्राइव्ह पहिल्यांदा सुरू करताना तो थेट विजेला जोडायचा नाही, मध्ये एक साधा पिवळा बल्ब घालायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि पेटलेलाच राहतो. जोर त्याच्यावर जातो, ड्राइव्ह वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होत जातो. इतर घरांत दिवा मंद झाला की लोक तेल घालायला धावतात. आमच्याकडे टाळ्या वाजायच्या. सगळे लाकडी कपाटाच्या आड उभे, एकाचा हात बटणावर, आणि बल्ब मंदावला की टाळ्या. बाहेरून जाणारे इतर विभागांचे लोक आत डोकवायचे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद कोणता असं कोणी विचारलं तर मी डिग्र्या सांगणार नाही, ह्या टाळ्या सांगेन.

मयूर हरसूलहून आला. एसटीने येऊन-जाऊन करायचा, शेवटची गाडी चुकली की लॅबमध्येच झोपायचा. त्याची आई भागीबाई एकदा नागलीचं पीठ घेऊन आली आणि मला म्हणाली, बाई, पोरगा लय बारीक झालाय, त्या मशीनपासून उठवून त्याला जेवायला लावा. निकिता इथल्याच अंबडची. तिचे वडील लेथवर होते, त्यामुळे शाफ्टला हात लावला की तो किती वाकडा आहे हे तिला आधी कळायचं आणि मग मोजमापाला. या दोघांनी मिळून जो ड्राइव्ह बनवला तसा माझ्या हातून कधी बनला नाही. मयूर आत चालणारा प्रोग्राम लिहायचा, निकिता बाहेरची सगळी जोडणी करायची. दिवसभर भांडायचे, डबा एकत्र खायचे. पुढे नाशिकलाच दोघांनी मिळून प्रयोगशाळा काढायची असं ठरलेलं होतं. नावावरूनही त्यांचं भांडण झालं होतं.

दोन हजार अकरा साली, प्रकल्पाची पाहणी करायला समिती यायची होती त्याच्या आदल्या सकाळी, त्या ड्राइव्हचा स्फोट झाला. कोणाला इजा झाली नाही. पण निकिताचं काम जळालं, समितीने अनुदान बंद केलं, आणि त्या अनुदानावर असलेली मयूरची फेलोशिप गेली. मयूर अंबडला ड्राइव्ह दुरुस्तीच्या दुकानात लागला. निकिताने पुण्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि आज ती तिथे प्राध्यापक आहे. त्या दिवसापासून ही दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. एका लग्नात समोरासमोर आली तर मयूर जेवण टाकून मागच्या दाराने निघून गेला. पुण्याच्या एका प्रदर्शनात मयूरच्या दुकानाचा स्टॉल होता, निकिता तिथवर येऊन परत फिरली. लोक समजले, एकमेकांना दोष देत असतील. दोघांचा गुरुपौर्णिमेला मला फोन येतो. सगळं बोलून झालं, आता ठेवणार, अशा वेळी निकिता विचारते, मयूर बरा आहे ना? मयूर विचारतो, मॅडमचं काय चाललंय? आधी मला वाटायचं माझ्याबद्दल विचारतोय. तो निकिताला मॅडम म्हणायला लागला आहे.

स्फोटानंतर दुसऱ्या दिवशी मयूर माझ्या घरी आला होता. निकिता, हे नीट ऐक. तो म्हणाला, "मॅडम, माझ्यामुळे झालं. डेड-टाइम मी कमी केला होता, परत वाढवायचा राहून गेला. निकिताला कधीच कळू देऊ नका."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्राइव्हच्या आत दोन-दोन स्विच जोडीने असतात. एक बंद करून दुसरा चालू करण्याआधी दोघांनाही क्षणभर गप्प ठेवावं लागतं, त्याला डेड-टाइम म्हणतात. तो कमी पडला आणि दोघं एकदम चालू झाले तर शॉर्ट होतो. मोटर मंद फिरताना करंट वेडावाकडा येत होता म्हणून मयूरने तो कमी करून पाहिला होता.

आणि मयूर, आता तू ऐक. त्याच आठवड्यात निकिताही आली होती, याच खोलीत, तू आत्ता बसला आहेस त्या बाजूला. ती म्हणाली, "मॅडम, बल्ब मी काढून टाकला होता. आदल्या दिवशी सगळं चाललं होतं म्हणून थेट जोडलं. मयूरची फेलोशिप माझ्यामुळे गेली. त्याला सांगू नका."

दोघांनी माझ्याकडून वचन घेतलं. दोघांनाही मी एकच वाक्य बोलले: "माझ्या जिवात जीव आहे तोवर माझ्या तोंडून निघणार नाही." निकिता गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. एकट्या मयूरची चूक असती तर बल्ब भगभगला असता, आपण हसलो असतो आणि मयूरला सगळ्यांना वडापाव खाऊ घालावा लागला असता. एकट्या निकिताची असती तर काहीच झालं नसतं, कोणाला कळलंही नसतं. दोन्ही एकाच सकाळी झालं म्हणून स्फोट झाला. मी दोघांनाही कितीदा म्हटलं, बाबांनो, एकदा एकमेकांशी बोला. दोघंही हो म्हणायचे आणि बोलायचे नाहीत. प्रत्येकाला वाटत राहिलं की समोरच्याचं नुकसान आपणच केलं, आता कोणत्या तोंडाने समोर जायचं. माझा जीव किती तुटला हे मी कधी दाखवलं नाही, पण दिलेला शब्द मोडायची मला सवय नाही. आता माझ्या जिवात जीव नाही, म्हणजे वचनाची मुदत संपली. मी वकिलाला विचारून घेतलं आहे.

डेड-टाइम क्षणाचा ठेवायचा असतो रे. तुम्ही चौदा वर्षं ठेवलात. एवढ्यात मोटर फिरतच नाही.

म्हणून मी असे ठरवते की सदर यंत्रातील मोटर मयूर भिका मौळे यास आणि तिच्यावर ओझे टाकणारे मशीन डॉ. निकिता सुदाम आवारे हिला मिळावे. दोहोंमधील कपलिंग दोघांचे मिळून, वाटणी न होणारे. ते कापून कोणीही आपला हिस्सा वेगळा नेऊ नये. वाचनाच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून त्यावर एक नवा ड्राइव्ह सुरू केला तर यंत्र त्यांचे, ते म्हणतील तिथे न्यावे. न केल्यास अमोलने ते अंबडच्या भंगारात घालावे, मग मात्र मी त्याला अडवणार नाही. तांब्याचे जे येतील ते कुसाबाईला द्यावेत. कुसाबाई, ती वेळ येऊ नये म्हणून तूही देवाला सांग.

कलम ८. माझे दिवस घालू नयेत. माझ्या फोटोसमोर समई लावू नये, मला तुपातेलाच्या दिव्याचं काही कळत नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पिवळे बल्ब आहेत. हल्ली बाजारात मिळत नाहीत, म्हणून मी मिळाले तेवढे घेऊन ठेवले. वापरलेल्या पावडरच्या डब्यांत, कापसात गुंडाळलेले आहेत.

ज्या दिवशी नवा ड्राइव्ह तयार होईल त्या दिवशी निकिताने अ‍ॅप्रन घालावा, डावा हात खिशात ठेवावा आणि मयूरने ठेवलेला डेड-टाइम तपासावा. बल्ब मयूरने लावावा, तो लावला आहे हे निकिताने डोळ्यांनी पाहावं. कपाटाच्या आड उभं राहायला अमोल, पूजा आणि कुसाबाईलाही बोलवावं. बटण दोघांपैकी कोणी दाबायचं यावरून भांडण होईल. होऊ द्यावं, रोशनीने मध्ये पडू नये.

मग बल्बकडे बघा. तो उजळेल. कुसाबाई घाबरेल, तिला धरा. आणि तो मंद झाला की टाळ्या वाजवा. जरा जोरात वाजवा, मला लांबून ऐकायच्या आहेत.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन ठिकाणी डोळे पुसून, खाली सही करीत आहे.

ठिकाण: इंदिरानगर, नाशिक
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) आशा फकिरा बोरगुडे

साक्षीदार, ज्यांना या पत्रान्वये काहीही मिळणार नाही आणि ज्यांनी मला त्यांच्यासमोर सही करताना पाहिले:

१. (सही) डॉ. पद्माकर शंकर टिळे, हृदयरोगतज्ज्ञ, नाशिक. सदर बाई पूर्ण शुद्धीत असून त्यांनी मला पेसमेकरच्या बॅटरीबद्दल पाच प्रश्न विचारले, पैकी दोनांची उत्तरे मी कंपनीकडून मागवली आहेत.

२. (सही) वाल्मीक रंगनाथ कुटे, शेजारी, इंदिरानगर, नाशिक. पार्किंगमधील यंत्राचा आवाज होतो अशी तक्रार मी पूर्वी सोसायटीकडे केली होती. ती आज मागे घेत आहे.